धूमकेतूंचा कुलवृत्तांत लिहिणारे क्रॉइट्झ

फेब्रुवारी १८४३, जानेवारी १८८० आणि सप्टेंबर १८८२. अवघ्या चाळीस वर्षांत तीन तेजस्वी धूमकेतू जवळजवळ एकाच मार्गाने सूर्याला चाटून गेले. हा एकच धूमकेतू असून सूर्याच्या वातावरणातील अडथळ्यामुळे त्याची गती मंदावते आहे आणि अखेरीस तो सूर्यात कोसळेल, अशी शंका तेव्हा घेतली जाऊ लागली. तिचे निरसन केले जर्मन खगोलशास्त्रज्ञ हाइनरिश क्रॉइट्झ यांनी.

२८ सप्टेंबर १८५४ रोजी सीगन येथे जन्मलेल्या क्रॉइट्झ यांनी बॉन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. १८८३ पासून कील हीच त्यांची कर्मभूमी ठरली. धूमकेतूंच्या कक्षांचे गणित हा त्यांचा खास विषय.

१८८२चा धूमकेतू भर दिवसा सूर्यालगत दिसला होता. दक्षिण आफ्रिकेतील केप वेधशाळेने तो सूर्यबिंबाच्या कडेपर्यंत टिपला. प्रत्यक्ष बिंबापुढे मात्र त्याचा ठिपकाही दिसला नाही. एवढ्या भव्य शेपटीचे केंद्र किती लहान असते, हे त्यातून कळले. सूर्याला वळसा घातल्यावर ते केंद्रही दुभंगून त्याचे अनेक तुकडे झाले.

क्रॉइट्झ यांनी वळशापूर्वीचे व नंतरचे वेध ताडून पाहिले. दोन्हींतून एकच कक्षा निघाली. म्हणजे गती मंदावलीच नव्हती. या धूमकेतूला परतण्यास काही शतके लागणार होती. तेव्हा हे तिन्ही धूमकेतू वेगवेगळे, पण एकाच महाकाय पूर्वजाचे तुकडे असल्याचे त्यांनी १८८८, १८९१ व १९०१ मधील प्रबंधांतून मांडले.

१८९६ पासून खगोलशास्त्राच्या एका जुन्या, नामांकित जर्मन नियतकालिकाचे संपादन करणाऱ्या क्रॉइट्झ यांचे १३ जुलै १९०७ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी निधन झाले.

या कुळाला आज त्यांचेच नाव आहे. १९६५ मध्ये याच कुळातील इकेया-सेकी धूमकेतूच्या वर्णपटात लोह व निकेल आढळले. सूर्याच्या उष्णतेने धूमकेतूतील खडकाळ धूळही वितळून वायुरूप झाली होती. १९९५ मध्ये सोडलेल्या 'सोहो' यानाच्या छायाचित्रांत २०२४ पर्यंत पाच हजारांहून अधिक धूमकेतू सापडले, त्यांतील बहुतेक याच कुळातील. डिसेंबर २०११ मध्ये लव्हजॉय धूमकेतू सूर्यपृष्ठापासून सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटरवरून गेला. त्याच्या शेपटीच्या हेलकाव्यांवरून, जिथे कोणतेही यान पोहोचलेले नाही, तेथील चुंबकीय क्षेत्राची दिशा शास्त्रज्ञांना वाचता आली.