बुडबुड्यांची वाट अडवणारे बेकलंड

फाउंड्रीत ओतलेला जॉब कापला की आत भोकं दिसतात. त्यांना ब्लोहोल म्हणतात, हे फर्स्ट इयरलाच कळतं. धातूतला वायू बाहेर पडायच्या आत धातू गोठतो आणि पोकळी तशीच राहते. साच्यातल्या प्लॅस्टिकचंही असंच होतं. या पोकळीशी झुंजून ज्यांनी प्लॅस्टिकचं युग सुरू केलं, त्या लिओ बेकलंड यांची ही ओळख.

बेल्जियममधल्या गेंट शहरात १४ नोव्हेंबर १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जोडे दुरुस्त करायचे, आई लोकांकडे घरकाम करायची. पोरगं मात्र भलतंच हुशार! १८८४ मध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. आपल्याच प्राध्यापकांची मुलगी सेलीन हिच्याशी लग्न केलं आणि १८८९ मध्ये अमेरिका गाठली. तिथे त्यांनी 'वेलॉक्स' हा फोटोचा कागद काढला. १८९९ मध्ये तो धंदा कोडॅकच्या जॉर्ज ईस्टमन यांनी विकत घेतला. आयुष्यभर बसून खाता येईल एवढा पैसा हाती आला.

पण स्वस्थ बसणं स्वभावात नव्हतं. न्यूयॉर्कजवळ यॉंकर्सला घराशेजारीच त्यांनी प्रयोगशाळा थाटली. त्या काळी विजेच्या इन्सुलेशनला शेलॅक लागायचं. ते लाखेच्या किड्यापासून मिळतं आणि मोठ्या प्रमाणात आपल्या भारतातून जायचं. विजेची मागणी वाढत होती, पण किडा काही ओव्हरटाइम करणार नव्हता!

फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून राळेसारखा पदार्थ होतो, हे जर्मनीच्या बायर यांनी १८७२ मध्येच पाहिलं होतं. अडचण पुढेच होती. या क्रियेत पाणी सुटतं. तापवलं की त्याची वाफ होते, उरलेलं फॉर्माल्डिहाइडही वायू होऊन निघतं आणि घट्ट होत चाललेल्या राळेत बुडबुडे अडकतात. हाती येतो तो फेसाळ, सच्छिद्र गोळा. म्हणून काहींनी आच कमी ठेवून, शंभर अंशांखाली माल हळूहळू वाळवून पाहिला. त्यात वेळ फार जायचा आणि माल वेडावाकडा व्हायचा.

बेकलंड यांनी उलटी वाट धरली. आच कमी न करता वाढवली, पण बंद भांड्यात, दाबाखाली! आपल्या प्रेशर कुकरचंच तत्त्व. बाहेरचा दाब आतल्या वाफेच्या दाबापेक्षा जास्त असला, तर बुडबुडा वाढूच शकत नाही. तेवढ्यात राळ कायमची कडक होते. १९०७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९०९ मध्ये ते मंजूर झालं. पदार्थाला नाव मिळालं बेकलाइट, आणि दाबाच्या भांड्याला बेकलायझर. १९१० मध्ये कंपनी निघाली. मग स्विच, प्लग, टेलिफोन, रेडिओ, सगळीकडे बेकलाइटच!

१९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडकडे गेली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी बेकलंड यांचं निधन झालं.

वायू सुटणं हा त्या रासायनिक क्रियेचा स्वभावच होता, तो काही बदलणार नव्हता. बेकलंड यांनी त्याच्याशी भांडण केलं नाही, फक्त त्याला फुगायला जागा दिली नाही. बाकीचे उष्णतेलाच शत्रू समजून बसले होते. प्रॉब्लेम सोडवताना आपण नेमकं कशाला घाबरतोय, हे एकदा तपासून बघायला काय हरकत आहे?