ध्वनिसंशोधक वॉलेस सॅबिन

धानाची कापणी आटोपत आली आणि दिवाळी संपली, की वैनगंगेच्या खोऱ्यात मंडईचा हंगाम सुरू होतो. भंडारा जिल्ह्यातील पवनी, गोसीखुर्द आणि आसपासच्या गावांचा हा मुलूख झाडीपट्टी या नावाने प्रसिद्ध आहे. येथील नाटके उघड्या जागी, कापडी मांडवात होतात आणि रात्रभर चालतात. उघड्यावर नटाच्या मुखातून निघालेला शब्द दूर निघून जातो व परत येत नाही. त्यामुळे तो क्षीण होतो. परंतु स्पष्ट राहतो. हाच नट जर एखाद्या उंच, दगडी, रिकाम्या दालनात बोलू लागला, तर त्याचा आवाज मोठा वाटेल. पण शब्द मात्र कळणार नाहीत. एक शब्द भिंतींवर आपटून घुमत असतानाच दुसरा शब्द येतो, त्याच्यावर तिसरा येतो, आणि सर्वांचा मिळून नुसता गलबला होतो. ध्वनी थांबल्यानंतरही दालनात जे घुमणे चालू राहते, त्याला निनाद असे म्हणतात.

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत हा निनाद किती काळ टिकेल, हे इमारत बांधून झाल्यावाचून कोणालाही सांगता येत नसे. एखादे सभागृह ऐकण्यास उत्तम साधे, तर त्याच कारागिरांनी बांधलेले दुसरे अगदी निरुपयोगी ठरे. चांगले ऐकू येणे हा निव्वळ दैवाचा भाग मानला जाई. हा दैवाचा भाग गणिताच्या कक्षेत आणण्याचे श्रेय वॉलेस क्लेमंट सॅबिन या अमेरिकन शास्त्रज्ञाकडे जाते.

सॅबिनचा जन्म १३ जून १८६८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात रिचवुड या लहानशा गावी झाला. मुलांच्या शिक्षणाविषयी त्याची आई अत्यंत दक्ष होती. वॉलेस बुद्धीने तल्लख होता. वयाच्या अठराव्या वर्षीच तो ओहायो राज्य विद्यापीठाचा पदवीधर झाला. पुढे तो हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला, १८८८ साली एम. ए. झाला आणि तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागला. त्याने डॉक्टरची पदवी कधीच घेतली नाही. मितभाषी, नीटनेटका आणि विद्यार्थ्यांना प्रिय असा हा तरुण अध्यापक ध्वनिशास्त्रात नाव कमावील, असे त्या वेळी कोणाला वाटलेही नसेल; कारण ध्वनी हा त्याच्या अभ्यासाचा विषयच नव्हता.

सन १८९५ मध्ये हार्वर्ड येथे फॉग कला-संग्रहालयाची नवी इमारत उघडली. तीत एक प्रशस्त व्याख्यान-दालन होते. दालन दिसण्यास सुंदर होते. पण त्यात व्याख्यान देणे अशक्य झाले. तेथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. तेवढ्या वेळात वक्ता आणखी दहापंधरा शब्द बोलून जाई. विद्यार्थी कानांत प्राण आणून बसत, तरी त्यांच्या पदरी काही पडत नसे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे दालन सुधारण्याचे काम सत्तावीस वर्षांच्या सॅबिनवर सोपविले. अनुभवी अध्यापक हे काम जवळजवळ अशक्य समजत होते. सॅबिनने मात्र ते स्वीकारले.

त्याने प्रथम एक साधा प्रश्न स्वतःस विचारला. त्याच विद्यापीठातील सँडर्स नाट्यगृहात चांगले ऐकू येते, आणि या दालनात का येत नाही? दोहोंतील एक भेद त्याच्या ध्यानात आला. सँडर्स नाट्यगृहातील आसनांवर गाद्या होत्या. या दालनातील बाके उघडी होती. मऊ वस्तू ध्वनी शोषून घेतात, हे त्यास ठाऊक होते. परंतु किती शोषतात? गाद्या वाढवीत गेल्यास निनाद कोणत्या प्रमाणात कमी होतो? तेव्हा त्याने या गोष्टी मोजण्याचे ठरविले.

दिवसा मोजमाप करणे शक्य नव्हते. रस्त्यावर ट्रामगाड्यांचा खडखडाट आणि माणसांची वर्दळ असे. म्हणून सॅबिन मध्यरात्रीनंतर कामास लागे. त्याचे साहाय्यक सँडर्स नाट्यगृहातील गाद्या वाहून आणीत व या दालनात मांडीत. सॅबिन ऑर्गनची एक नळी वाजवी. तिला हवा पुरविण्यासाठी दाबाने भरलेल्या हवेची टाकी होती. नळीचा स्वर बंद केला, की तो पूर्ण विरेपर्यंत किती वेळ लागतो, हे तो कालमापक यंत्रावर सेकंदाच्या शतांश भागापर्यंत नोंदवी. ध्वनी विरला हे ठरविण्यासाठी त्याने आरंभी ध्वनीने थरथरणाऱ्या ज्योतीचा उपयोग करून पाहिला. परंतु मनुष्याचा कान तिच्यापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, असे त्यास आढळून आले. मग तो स्वतःच अंधाऱ्या शांततेत कान देऊन बसू लागला. पहाट होताच साहाय्यक सर्व गाद्या पुन्हा नाट्यगृहात नेऊन जागच्या जागी ठेवीत. कारण दिवसा तेथे त्यांची गरज असे. असा क्रम एकदोन दिवस नव्हे, तर कित्येक महिने चालला.

रिकाम्या दालनातील निनाद ५.६२ सेकंद भरला. सुमारे ८ मीटर लांबीच्या गाद्या ठेवल्यावर तो ५.३३ सेकंदांवर आला, आणि १७ मीटर गाद्या ठेवल्यावर ४.९४ सेकंदांवर. गाद्या वाढत गेल्या, तसतसा निनाद उतरत गेला. शेवटी बाके, वाटा आणि भिंतीही गाद्यांनी झाकल्या, तेव्हा तो अवघ्या १.१४ सेकंदांवर येऊन ठेपला.

या संशोधनात एके वेळी सॅबिनच्या सत्यनिष्ठेची मोठी कसोटी लागली. एका उन्हाळ्यात त्याने अपार परिश्रम करून तीन हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदविली होती. ती तपासताना आकड्यांत बारीकसा विसंवाद दिसू लागला. कारण शोधता शोधता त्यास उमगले, की दालनात बसलेला निरीक्षक, म्हणजे तो स्वतः, हादेखील ध्वनी शोषीत होता. आणि रोज निरनिराळे कपडे घातल्यामुळे हे शोषण रोज थोडे निराळे होत होते. फरक अगदी अल्प होता. कोणी विचारलेही नसते. तथापि कोणत्या रात्री आपण कोणते कपडे घातले होते, याची नोंद त्याच्यापाशी नव्हती. म्हणून ती सर्व निरीक्षणे त्याने रद्द केली आणि पहिल्यापासून पुनश्च आरंभ केला. त्यानंतर प्रयोगाच्या वेळी तो नेहमी एकच ठरावीक पोशाख घालू लागला. आपल्या कोटाचाही हिशेब ठेवणारा असा संशोधक विरळाच!

शोषण मोजण्यासाठी माप हवे होते. सॅबिनने उघड्या खिडकीचे माप निवडले. उघड्या खिडकीतून जो ध्वनी बाहेर पडतो, तो पुन्हा आत येत नाही. म्हणजेच खिडकी आपल्यावर पडलेला सर्व ध्वनी शोषून घेते असे मानण्यास हरकत नाही. गिलावा केलेली भिंत फारच थोडा ध्वनी शोषते आणि बाकीचा परत फेकते. सभागृहात बसलेला एक माणूस मात्र जवळजवळ अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका ध्वनी शोषतो. सभागृह भरले म्हणजे त्याचे घुमणे कमी का होते, याचे उत्तर यात आहे.

इतकी माहिती जमली, तरी तिच्यामागील नियम हाती लागत नव्हता. एवढ्यात अध्यक्ष एलियट यांनी आता मोजमाप पुरे करून दालन दुरुस्त करण्यास सांगितले. सॅबिनने भिंतींवर केसांचा नमदा लावविला व १८९८ मध्ये ते दालन व्याख्यानास योग्य झाले. त्याच वर्षी बॉस्टन शहरात वाद्यवृंदासाठी नवे संगीतगृह बांधण्याचे घाटत होते. त्याचे चालक हेन्री ली हिगिन्सन यांना एलियट यांनी सॅबिनचे नाव सुचविले. सॅबिन प्रथम कचरला. झालेली चूक दुरुस्त करणे निराळे आणि जे अद्याप उभेच नाही, त्याच्याविषयी हमी देणे निराळे! नियम सापडल्यावाचून होकार देणे त्यास प्रशस्त वाटेना.

तो आपल्या जुन्या वह्या घेऊन बसला. काही दिवस तो त्याच त्या आकड्यांवर विचार करीत राहिला. ऑक्टोबर महिन्यातील एका रात्री त्याने निनादाचा काळ व शोषण यांचा आलेख पुन्हा न्याहाळला आणि त्यास एकाएकी दिसले, की ही वक्ररेषा अपास्त आहे. म्हणजे शोषण दुप्पट झाले तर निनाद निम्मा होतो. दोहोंचा गुणाकार कायम राहतो. आनंदाच्या भरात ही वार्ता त्याने प्रथम आपल्या आईला सांगितली, अशी आख्यायिका आहे. लवकरच त्याने होकार कळविला.

सॅबिनचा नियम सोपा आहे. दालनाचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, त्यास ०.१६१ ने गुणावे आणि दालनातील एकूण शोषणाने भागावे. म्हणजे निनादाचा काळ सेकंदांत मिळतो. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असा एक वर्ग घ्या. त्याचे घनफळ १६८ घनमीटर. उघड्या भिंती, जमीन व छत यांचे मिळून शोषण ६ धरले, तर निनाद सुमारे साडेचार सेकंद टिकेल. अशा वर्गात शिक्षकांचे बोलणे समजणे कठीण. आता त्यात चाळीस मुले येऊन बसली आणि प्रत्येकाचे शोषण ०.४ धरले, तर एकूण शोषण २२ होईल व निनाद सुमारे सव्वा सेकंदावर येईल. खिडक्या उघडल्या, की तो आणखी उतरेल.

बॉस्टनच्या संगीतगृहात या नियमाची परीक्षा झाली. जर्मनीतील लाइपझिग येथील गेवांडहाऊस हे संगीतगृह त्या काळी नावाजलेले होते. त्याच नमुन्यावर, पण पुष्कळ अधिक श्रोत्यांसाठी नवे संगीतगृह हवे होते. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही सारखीच वाढविली असती, तर काय झाले असते? तिन्ही मापे दुप्पट केली, तर घनफळ आठपट होते, भिंतींचे क्षेत्रफळ मात्र चौपटच होते. आणि त्यामुळे निनाद दुपटीने वाढतो. हे टाळण्यासाठी सॅबिन व वास्तुशिल्पी चार्ल्स मॅकिम यांनी सभागृह अरुंद आणि लांबट ठेवले व आसनांसाठी सज्जे घेतले. रंगमंचाच्या भिंती व छत यांना उतार दिला, म्हणजे वाद्यांचा ध्वनी श्रोत्यांकडे वळावा. भिंतींतील कोनाड्यांत सोळा पुतळे बसविण्यात आले. अशा उंचसखल पृष्ठभागांवरून ध्वनी चोहोंकडे विखुरतो.

१५ ऑक्टोबर १९०० रोजी हे सिंफनी हॉल उघडले. प्रथम काही टीकाकारांनी त्यास नावे ठेवली. सॅबिनने आपले काम शांतपणे पुढे चालू ठेवले. काळाने निर्णय दिला. जगातील अत्युत्तम संगीतगृहांत आज त्याची गणना होते, आणि तेथील एका फलकावर सॅबिनच्या कार्याचा गौरव कोरलेला आहे.

संगीतासाठी निनाद किती असावा, हे ठरविण्यासाठी सॅबिनने पुढे आणखी एक मनोरंजक प्रयोग केला. पियानो असलेल्या निरनिराळ्या खोल्यांत गाद्या कमीअधिक करून त्याने संगीततज्ज्ञांस पसंती विचारली. त्यांनी पसंत केलेल्या निनादांची सरासरी १.०८ सेकंद आली आणि कोणत्याही खोलीचा आकडा तिच्यापासून फारसा दूर नव्हता. अभिरुचीसारखी नाजूक गोष्टही मोजता येते, हे यावरून दिसून आले. एका खोलीतील गोंगाट दारे व भिंती यांतून दुसऱ्या खोलीत किती शिरतो, याचाही त्याने अभ्यास केला. जड भिंत ध्वनीस अडविते. परंतु दाराला बारीकशी फट राहिली, तरी ध्वनी तीतून वाट काढतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सॅबिन युरोपात गेला. तेथे तो आजारी पडला. परत आल्यावरही त्याने विमानविषयक युद्धकार्य आणि अध्यापन या दोहोंचा भार वाहिला आणि प्रकृतीकडे दुर्लक्ष केले. इलिनॉय राज्यात रिव्हरबँक येथे त्याच्यासाठी ध्वनीची खास प्रयोगशाळा बांधण्यात आली होती. परंतु तेथे काम करणे त्याच्या नशिबी नव्हते. १० जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

शोषणाच्या मापास शास्त्रज्ञांनी पुढे सॅबिन हेच नाव दिले. त्याने घालून दिलेल्या मार्गाने आज जगभर सभागृहांची रचना होते. मुंबईचे टाटा थिएटर १९८० साली उघडले. त्याच्या रचनेतही सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाचे साहाय्य घेण्यात आले होते. व्याख्याता, गायक वा नट यांचे शब्द शेवटच्या रांगेतील श्रोत्यास स्पष्ट ऐकू येतात, तेव्हा त्यामागे रात्रीच्या शांततेत कान देऊन बसलेल्या, आणि एका कोटापायी आपले तीन हजार आकडे टाकून देणाऱ्या, या प्रामाणिक संशोधकाचे श्रम असतात.

स्वाध्याय

१. उघड्या मांडवातील आवाज व दगडी दालनातील आवाज यांत कोणता फरक असतो?
२. सॅबिन रात्रीच्या वेळीच प्रयोग का करीत असे?
३. सॅबिनने आपली तीन हजार निरीक्षणे का रद्द केली? त्यावरून त्याचा कोणता गुण दिसून येतो?
४. आपल्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजा आणि घनफळ काढा. वर्ग रिकामा असताना व भरलेला असताना आवाजात पडणारा फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.