पाणी, जमीन आणि बॅरिस्टर आंबेडकर

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्राशन केले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या ओंजळीपायी पुढे दहा वर्षे न्यायालयाची पायरी चढावी लागली, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे खासगी मालकीचे असून अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादि आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. महिनाअखेरीच्या परिषदेला हजारोंचा समुदाय जमलेला, आणि नेता मात्र सत्याग्रह तहकूब करण्यास सांगतो आहे! हा निर्णय अनेकांना रुचला नसेल. परंतु सरकार व सनातनी या दोघांशी एकाच वेळी झुंज घेण्यात शहाणपण नाही, हे त्या बॅरिस्टरने ओळखले होते. महाड, मग जिल्हा न्यायालय आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालय, सर्वत्र निकाल त्यांच्या बाजूने लागला. तळे नगरपालिकेचे ठरले, अनादि वहिवाट शाबीत झाली नाही. अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून हा विजय मिळाला नव्हता. प्रतिपक्षाचा पुरावा अपुरा पडला म्हणून मिळाला होता. रूढी शाबीत झाली असती तर?

अशा वेळी कायदाच बदलावा लागतो. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. कोकणात खोत सरकारसारा भरी आणि कुळांकडून मनमानी वसुली करी. खोताला वाजवी भरपाई देऊन कसणाऱ्याचे सरकारशी थेट नाते जोडावे, ही विधेयकाची योजना होती. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक मात्र संमत झाले नाही. शेतीविषयी त्यांची दृष्टी भाबडी नव्हती. १९१८ च्या निबंधातच त्यांनी दाखविले होते की, दुखणे केवळ तुकड्यांच्या लहानपणाचे नाही. भांडवलाची उणीव आणि जमिनीवरील माणसांचा अतिरिक्त भार हे त्याचे मूळ होय.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना पाटबंधारे व वीजही त्यांच्याकडे होती. दामोदर नदीच्या १९४३ च्या पुरानंतर पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांचा एकत्र विचार करणारी जी योजना आकारास आली, तिच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा होता.

मुंबई प्रांतात खोती नष्ट करणारा कायदा झाला तो १९४९ साली. मूळ विधेयकाचा कर्ता त्या वेळी दिल्लीत कायदामंत्री होता.