महावीराचार्यांची अंकमाला

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या कारकिर्दीत (इ. स. ८१४ ते ८७८) मान्यखेट ही राजधानी जैन विद्येचे माहेरघर बनली होती. दक्षिण कोकणचे शिलाहार राजे हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. वेंगुर्ल्याच्या या किनाऱ्याजवळच, आपल्याच जिल्ह्यातील खारेपाटण येथे मिळालेल्या शके ९३० च्या शिलाहार ताम्रपटात राष्ट्रकूटांची वंशावळ कोरलेली आहे, ती याच संबंधामुळे. अमोघवर्षांच्या राज्यात, इ. स. ८५० च्या सुमारास, दिगंबर जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला.

आपले कुळ, गाव, माता-पिता यांविषयी त्यांनी त्यात काही लिहून ठेवले नाही. आरंभी भगवान महावीरांना वंदन, सम्राटाची स्तुती, आणि मग अकराशेहून अधिक श्लोकांत केवळ गणित. पूर्वीच्या ब्रह्मगुप्तादी आचार्यांनी ज्योतिषग्रंथांत अंतर्भूत केलेल्या या शास्त्राला त्यांनी स्वतंत्र आसन दिले. त्यांचे चरित्र शोधायचे ते त्यांच्या उदाहरणांतच.

गुणाकाराच्या प्रकरणात त्यांनी शिष्यांसाठी जणू अलंकार घडविले आहेत. गुणाकार अचूक केला की उत्तरात अंकांचा हार उमटतो. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले असता १००००००००१ येतात. दोन टोकांना दोन मणी आणि मध्ये शून्यांची ओळ! या हारांतील सर्वांत देखणा हार म्हणजे २७९९४६८१ आणि ४४१ यांचा गुणाकार: १२३४५६५४३२१, म्हणजे १२ अब्ज ३४ कोटी ५६ लाख ५४ हजार ३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी व तशीच क्रमाने उतरणारी, असे या संख्येचे वर्णन त्यांनी केले आहे. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच राहते.

ही संख्या ११११११ चा वर्ग आहे. सहा एककांची ओळ एकेक घर सरकवून सहा वेळा मांडली की मधल्या स्तंभात सहा एकक जमतात, दोन्ही बाजूंना एकेक कमी होत जातो आणि हातचा कोठेच येत नाही. नऊ एककांपर्यंत हा क्रम टिकतो. दहाव्याला हातचा येतो आणि हार तुटतो. अंकांची बेरीज ३६, तीही सहाचा वर्ग. ४४१ हा २१ चा, तर २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग होय. कागदावर हा गुणाकार करून पाहण्यात घरातील मुलांची एक संध्याकाळ आनंदात जाईल.

ऋणसंख्येला वर्गमूळ नसते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, हे त्यांचे विधान मात्र चुकीचे होते. श्रद्धेपोटी ते झाकण्याचे कारण नाही.

अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन याने हा ग्रंथ तेलुगूत आणला. पुढे हस्तलिखितांवरून प्रा. एम. रंगाचार्य यांनी सिद्ध केलेली संस्कृत आवृत्ती १९१२ साली मद्रासला इंग्रजी भाषांतरासह छापली गेली. १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो प्रसिद्ध केला, आणि महावीराचार्य महाराष्ट्रातील श्रावकांच्या घरी पोहोचले.