जगज्जेत्याचं हुकलेलं जगज्जेतेपद

फॉर्म्युला वनच्या कुठल्याही चाहत्याला आजवरचे सगळ्यात भारी ड्रायव्हर विचारा. पहिल्या चार-पाच नावांत आयर्टन सेना असणारच. तीन जगज्जेतेपदं, १६१ शर्यती, ४१ विजय आणि ६५ वेळा पोल पोझिशन, म्हणजे सगळ्यांच्या पुढून सुरुवात. त्याला जाऊन तीस वर्षं उलटली, तरी त्याच्या पिवळ्या हेल्मेटचे टी-शर्ट आजही विकले जातात आणि त्याच्या रील्स तुमच्या फीडमध्ये अधूनमधून येतच असतात.

पण या माणसाला एक विजेतेपद कधीच मिळालं नाही. सलग पाच वर्षं तो त्याच्या मागे होता. दोनदा अगदी दारापर्यंत पोचला आणि परत आला. ते विजेतेपद होतं कार्टिंगचं. हो, तीच छोटी, जमिनीला चिकटून धावणारी गाडी, जी आपल्याकडे मॉलमागच्या ट्रॅकवर दहा मिनिटांच्या तिकिटावर मिळते!

जिना न चढता येणारा मुलगा

आयर्टनचा जन्म २१ मार्च १९६० चा, ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा. घर खाऊनपिऊन सुखी नव्हे, चांगलं श्रीमंत. वडील मिल्टन दा सिल्वा यांचा स्वतःचा धंदा होता, शेतजमीन होती. घरात थोरली बहीण विवियान आणि धाकटा भाऊ लिओनार्दो. या मधल्या मुलाला सगळे ‘बेको’ म्हणायचे.

बेको तीन वर्षांचा झाला तरी हातापायांचा ताळमेळ नीट जमेना. जिना चढतानाही अडखळायचा. घरच्यांनी डॉक्टरांना दाखवलं, मेंदूची तपासणीही झाली. दोष काहीच निघाला नाही. चौथ्या वर्षी वडिलांनी त्याला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून एक छोटी कार्ट बनवून दिली. घरात धडपडणारा हा पोरगा त्या कार्टवर बसला की एकदम शांत आणि नेमका व्हायचा.

तेराव्या वर्षी, १९७३ मध्ये, तो साओ पाउलोच्या इंटरलागोस ट्रॅकवर पहिल्यांदा अधिकृत कार्ट शर्यतीत उतरला. सुरुवातीच्या काळात पाऊस पडला की त्याचं काही खरं नसायचं. ओल्या ट्रॅकवर एकेक जण त्याला मागे टाकून जायचा. मग त्याने काय केलं? आपण पाऊस आला की मॅच रद्द म्हणून वडापाव खायला जातो. हा पाऊस आला की कार्ट काढून ट्रॅकवर जायचा. ओल्या रस्त्यावर टायर कुठे पकड धरतो आणि कुठे सोडतो, हे त्याने भिजून भिजून शिकून घेतलं. पुढे पावसातला त्याच्याइतका वाकबगार ड्रायव्हर दुसरा नाही, असं लोक म्हणायला लागले. त्याची सुरुवात ही अशी होती.

अभ्यासाचं म्हणाल, तर शाळा १९७७ मध्ये संपली, सरासरी ६८ टक्क्यांच्या आसपास. नंतर बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या कॉलेजात नाव घातलं आणि तीन महिन्यांत सोडलंही. हे वाचून लगेच घरी कॉलेज सोडायचा विषय काढू नका. त्याच्या मागे वडिलांचा धंदा उभा होता, तो आपल्यापैकी बहुतेकांच्या मागे नसतो. शिवाय त्याच १९७७ मध्ये तो कार्टिंगमधला दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला होता.

बरोबरीत सुटलं, तरी हरला

१९७८. अठरा वर्षांचा आयर्टन इटलीत मिलानला पोचला. पॅरिला बंधूंची ‘डीएपी’ ही कार्ट बनवणारी कंपनी तिथे होती आणि तिच्या टीमचा पहिला ड्रायव्हर होता इंग्लंडचा टेरी फुलर्टन. फुलर्टन १९७३ चा जगज्जेता, वयाने मोठा, अनुभवाने त्याहून मोठा. घरापासून हजारो किलोमीटर दूर, अनोळखी भाषेत, अशा माणसाशेजारी उभं राहून आपला वेग सिद्ध करायचा होता. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा फ्रान्समध्ये ल मान्सला झाली. जिंकला अमेरिकेचा लेक स्पीड (आडनावच स्पीड, काय बोलणार!). आयर्टन सहावा आला. जागतिक स्पर्धेत पहिल्याच वर्षी सहावा म्हणजे वाईट मुळीच नाही.

१९७९ ची स्पर्धा पोर्तुगालमध्ये एस्तोरिलला होती. कार्टिंगमध्ये तेव्हा एकाच शर्यतीवर निकाल लागत नसे. आधी प्राथमिक फेऱ्या, मग उपान्त्य फेरी आणि शेवटी एकाहून जास्त अंतिम शर्यतींचे गुण एकत्र करून विजेता ठरायचा. सगळं संपलं तेव्हा आयर्टन आणि नेदरलँड्सचा पीटर कूने यांचे गुण सारखेच भरले. कोंडी फोडायला उपान्त्य फेरीचे निकाल पाहिले गेले. तिथे कूने पुढे होता. जगज्जेता कूने, आयर्टन दुसरा.

विचार करा. वय वर्षं एकोणीस. तुम्ही हरलेला नाही, गुण सारखे आहेत आणि तरी ट्रॉफी शेजारच्याच्या हातात आहे. सीईटीत सारखेच मार्क पडून टायब्रेकरमध्ये सीट गेलेल्या मित्राला विचारा, तो नीट सांगेल हे काय असतं ते.

१९८० मध्ये बेल्जियममधल्या निव्हेलला तो पुन्हा उतरला आणि पुन्हा दुसराच आला. या वेळी पुढे होता पीटर डी ब्रुइन, तोही नेदरलँड्सचाच.

जिंकल्यावर निवृत्ती

१९८१ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि खऱ्या रेसिंग कारमध्ये बसला. फॉर्म्युला फोर्ड ही तिथली पहिली पायरी. पहिल्याच वर्षी त्याने दोन मालिका जिंकल्या. आता पुढचा रस्ता मोकळा, असंच कुणालाही वाटेल. पण ब्राझीलमधून स्पॉन्सर मिळेना आणि घरच्यांना तो आता धंद्यात हवा होता. एकविसाव्या वर्षी, दोन विजेतेपदं हातात असताना, त्याने निवृत्ती जाहीर केली आणि तो घरी गेला.

वडिलांच्या धंद्यात त्याचं मन रमलं नाही. काही महिन्यांत तो इंग्लंडला परतला. लिलियानशी झालेलं लग्न या ओढाताणीत टिकलं नाही. ब्राझीलमध्ये दा सिल्वा हे आडनाव आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं गल्लोगल्ली सापडतं, म्हणून रेसिंगसाठी त्याने आई नेइदे यांचं माहेरचं आडनाव घेतलं. आयर्टन दा सिल्वाचा आयर्टन सेना झाला तो असा.

या सगळ्या धावपळीत त्याने कार्ट मात्र सोडली नव्हती. कार रेसिंगमध्ये पाय रोवू लागलेल्या ड्रायव्हरला कार्टिंगमध्ये परत जायचं काहीच कारण नसतं. पण ते एक विजेतेपद राहिलं होतं ना! १९८१ मध्ये इटलीत पार्माला तो चौथा आला. १९८२ मध्ये स्वीडनच्या काल्मारला शेवटचा प्रयत्न केला. तिथे चौदावा. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. हा लेख लिहिणारी मी आता नेमकी तेवढीच आहे. पहिल्या प्रयत्नात सहावा आणि पाचव्या प्रयत्नात चौदावा, हा आलेख कुठल्याही मोटिव्हेशनल भाषणात बसत नाही.

त्याच वर्षी फॉर्म्युला फोर्ड २००० मध्ये मात्र तो ब्रिटिश आणि युरोपियन अशा दोन्ही मालिका जिंकला. १९८३ मध्ये मार्टिन ब्रंडलशी वर्षभर झुंजून ब्रिटिश फॉर्म्युला थ्री जिंकली आणि १९८४ मध्ये टोलमन टीमकडून तो फॉर्म्युला वनमध्ये पोचला.

पुन्हा एस्तोरिल

पुढचं बरंचसं तुम्हाला माहीत असेल. १९८४ मध्ये मोनाकोला धो-धो पावसात तो तेराव्या जागेवरून निघाला आणि साध्यासुध्या टोलमनमधून पहिल्या क्रमांकावरच्या अलाँ प्रोस्टला गाठायच्या बेतात होता. तेवढ्यात पावसामुळे शर्यत थांबवली गेली. तो दुसरा राहिला.

आणि मग २१ एप्रिल १९८५. लोटसची काळी-सोनेरी गाडी, पुन्हा तुफान पाऊस. सेनाने फॉर्म्युला वनमधली आपली पहिली शर्यत जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरचा मिकेले अल्बोरेतो मिनिटाहून अधिक मागे होता आणि बाकी सगळ्यांना त्याने किमान एका फेरीने मागे टाकलं होतं. जागा होती एस्तोरिल. सहा वर्षांपूर्वी बरोबरीत सुटूनही हरला होता, तेच एस्तोरिल.

मॅक्लारेनमध्ये गेल्यावर १९८८, १९९० आणि १९९१ मध्ये तो जगज्जेता झाला. १९९१ ला इंटरलागोसमध्ये गिअरबॉक्स बिघडून गाडी सहाव्या गिअरमध्ये अडकली, तरी तो घरच्या लोकांसमोर जिंकला.

पण त्याला देव करून टाकू नका. १९९० मध्ये जपानमधल्या सुझुकाला त्याने पहिल्याच वळणावर प्रोस्टच्या गाडीवर गाडी घातली. दोघंही बाहेर गेले आणि विजेतेपद सेनाचं झालं. ते मुद्दाम केल्याचं त्याने वर्षभराने स्वतःच कबूल केलं. आदल्या वर्षी त्याच ट्रॅकवर प्रोस्टशी टक्कर झाल्यावर आपल्याला अन्यायाने बाद केलं, असं त्याचं म्हणणं होतं. राग खरा असेलही. पण त्या वेगात समोरच्याचा जीव जाऊ शकतो, हेही तितकंच खरं होतं. रील्समध्ये हा भाग सहसा येत नाही.

नोव्हेंबर १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला त्याने आपली शेवटची शर्यत जिंकली. तिथे पत्रकारांनी विचारलं, कुणाशी लढताना सगळ्यात जास्त समाधान मिळालं? सगळ्यांना वाटलं, प्रोस्टचं नाव येणार. सेना मागे गेला थेट १९७८ ते ८० पर्यंत आणि नाव घेतलं टेरी फुलर्टनचं. फुलर्टन कधी फॉर्म्युला वनमध्ये आलाच नव्हता. तेव्हाच्या कार्टिंगमध्ये पैसा नव्हता, राजकारण नव्हतं, ती निव्वळ शर्यत होती, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. डिसेंबरात पॅरिसमध्ये बेर्सीच्या इनडोअर स्टेडियममध्ये तो आणि नुकताच निवृत्त झालेला प्रोस्ट पुन्हा एका ट्रॅकवर उतरले. तेही कार्ट घेऊन.

१ मे १९९४

इटलीतल्या इमोलाला त्या शनिवारी पात्रता फेरीत ऑस्ट्रियाचा रोलँड रात्सेनबर्गर मरण पावला. सेना हादरला होता. शर्यतींचे डॉक्टर आणि त्याचे मित्र सिड वॉटकिन्स यांनी त्याला सुचवलं की आता पुरे, सोडून दे हे सगळं. त्याने ऐकलं नाही. रविवारी सातव्या फेरीत ताम्बुरेलो वळणावर त्याची विल्यम्स सरळ जाऊन भिंतीवर आदळली. तो चौतीस वर्षांचा होता. गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जिंकल्यावर तो रात्सेनबर्गरसाठी फडकवायचा होता. ब्राझीलने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला.

त्यानंतर ट्रॅक बदलले, गाड्या बदलल्या, सुरक्षेचे नियम कडक झाले. गरीब मुलांसाठी काहीतरी करायचं, हे त्याने विवियानजवळ बोलून ठेवलं होतं. तिने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘आयर्टन सेना इन्स्टिट्यूट’ सुरू केली. ती आजही ब्राझीलमधल्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. विवियानचा मुलगा ब्रुनो २०१० मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आला, तेव्हा टीममधला त्याचा जोडीदार होता आपल्या चेन्नईचा करुण चंढोक.

कार्टिंगच्या जगज्जेत्यांची यादी काढून बघा. १९७९ समोर कूने, १९८० समोर डी ब्रुइन, १९८१ आणि ८२ समोर इंग्लंडचा माइक विल्सन. सेनाचं नाव कुठेच नाही. इंटरलागोसच्या ज्या कार्ट ट्रॅकवर तो शिकला, त्याला मात्र आज त्याचंच नाव आहे.

चौकट : कार्ट म्हणजे नेमकं काय?

सेनाच्या काळातल्या कार्टला सस्पेन्शन नव्हतं आणि गिअरही नव्हते. पाइपची चौकट, चार छोटी चाकं आणि शेजारी टू-स्ट्रोक इंजिन, बस्स. १९७९-८० मध्ये ते १०० सीसीचं असे. आपल्या साध्या बाइकएवढंच, पण मिनिटाला दहा हजारांहून कितीतरी जास्त फेरे घेणारं. मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली असल्याने वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं, तरच कार्ट नीट वळते. सीट जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटर वर. त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट पाठीत आणि वेग आहे त्याहून दुप्पट वाटतो. सेनाच काय, मायकल शूमाकर, लुईस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन यांचीही सुरुवात इथूनच झाली.