हार न मानणाऱ्या पंडिता रमाबाई

एखाद्या विषयात केटी लागली किंवा कॅम्पसच्या यादीत नाव आलं नाही की आपल्याला वाटतं, संपलं सगळं! अशा वेळी एका बाईंचं आयुष्य जरूर आठवावं. आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा... वयाची चोवीस वर्षं पुरी व्हायच्या आत ही सगळी माणसं त्यांनी गमावली होती. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बाईमाणसाने संस्कृत शिकायचं नाही असा तो काळ, पण शास्त्रीबुवांनी आधी बायकोला शिकवलं आणि मग आईने रमाला. पुढे घरची स्थिती बिघडली. पुराण सांगत, तीर्थयात्रा करत सगळं कुटुंब गावोगाव फिरू लागलं. त्यातच दुष्काळ! थोड्याच काळात वडील, आई आणि बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी पायी उत्तर हिंदुस्थान फिरली. पोटात काही नाही म्हणून रानातली फळं बियांसकट खाल्ली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा खड्डा खणून अंगावर कोरडी वाळू ओढून रात्री काढल्या.

१८७८ साली ही भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचं संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आता दिवस पालटणार असं वाटत असतानाच १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, लग्न नोंदणी पद्धतीचं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि १८८३ साली डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे मेडिकलचं स्वप्न तिथेच संपलं. बरोबर गेलेल्या मैत्रिणीचाही तिथे करुण अंत झाला. परका देश, हातात काही नाही, कडेवर दोन वर्षांची पोर.

ख्रिस्ती धर्माकडे त्या वळल्या ते या काळात. लूकचं शुभवर्तमान त्यांनी आधी आसामात नवऱ्याच्या पुस्तकांत, बंगालीतून वाचलं होतं. इंग्लंडमध्ये समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनींचं काम पाहिलं. विहिरीवर शोमरोनी बाईशी येशू बोलतो ती गोष्ट वाचली आणि मन हललं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण डोळे मिटून काहीच स्वीकारलं नाही! चर्चच्या शिकवणीतलं जे पटलं नाही त्यावर धर्मगुरूंशीही वाद घातला. शाकाहारही सोडला नाही. धर्म मिळाला तरी मनाला खरी शांती मिळाली ती १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. श्रद्धा म्हणजे बटण दाबलं की लागणारा दिवा नव्हे!

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. इथे धर्माची सक्ती नाही असा शब्द होता. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली आपण होऊन बसू लागल्या आणि १८९३ साली वादळ उठलं. केसरीने टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या. शब्द मोडला असं एका बाजूचं म्हणणं, दार उघडं ठेवून प्रार्थना करणं म्हणजे सक्ती नव्हे असं रमाबाईंचं. वाद कुणाला कसाही वाटो, रमाबाई एकट्या पडल्या हे खरं. तरी सदन बंद पडलं नाही. याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. स्वतःची उपाशी वणवण रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून दौंडजवळ केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात लागतो. त्या गुजरातेत १९०० साली छप्पनियाचा भयंकर दुष्काळ होता. तिथल्याही अनाथ मुली केडगावला आल्या. सदनात दीड हजाराच्या आसपास माणसं झाली. आपल्या ब्रँचवाल्यांनी तर हे नीट वाचावं: विहिरी, शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना, सगळं बायका चालवत! अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेलची सोय केली.

प्रार्थना करून रमाबाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. दर संकटानंतर त्यांनी हातात आणखी मोठं काम घेतलं. देव आपल्याला टाकणार नाही हा भरवसा होता, म्हणून देणगी नक्की नसतानाही त्या जबाबदारी घेऊ शकल्या. त्यांची ताकद हीच.

उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत सगळं बायबल आणायचं होतं. त्यातच जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर सगळं सोपवायचं तीच गेली! साठी उलटलेल्या, तब्येत खचलेल्या रमाबाई पुन्हा टेबलाशी बसल्या आणि भाषांतर संपवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांनी डोळे मिटले. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं.

मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. पुणे-दौंड लाईनवर स्टेशन लागतं. कधी त्या बाजूला गेलात तर जरूर उतरा.