गुरुवर्य केरूनाना छत्रे

पाऊस मृगातच का येतो, एखाद्या वर्षी तो तोंड का फिरवतो, होकायंत्राची सुई उत्तरेकडेच का वळते, संक्रांतीला सूर्य खरोखरच उत्तरेकडे वळतो काय, असे प्रश्न ज्याच्या मनात एकदाही आले नाहीत असा विद्यार्थी विरळा. प्रश्न विचारणे सोपे असते. त्याचे उत्तर मिळेपर्यंत धीर धरणे मात्र कठीण असते. या धीराचा वस्तुपाठ ज्यांनी महाराष्ट्राला घालून दिला, त्या कै. रावबहादूर केरो लक्ष्मण छत्रे यांचे चरित्र म्हणूनच विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे. त्यांचे मूळ नाव विनायक. पण शिष्य आणि मित्र त्यांना केरूनाना म्हणूनच ओळखीत.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागजवळील नागाव या गावी झाला. नारळी-पोफळीच्या बागांचे आणि समुद्राच्या गाजेचे हे गाव आपल्या गोमंतकातील कोणत्याही किनारी गावाची आठवण करून देईल. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपल्यामुळे त्यांचा सांभाळ चुलत्यांकडे झाला आणि शिक्षणासाठी ते मुंबईस आले. तेथील एल्फिन्स्टन विद्यालयात त्यांना दोन थोर गुरू लाभले. एक म्हणजे सिंधुदुर्गातील पोंभुर्ले गावचे सुपुत्र, 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर, आणि दुसरे गणित व पदार्थविज्ञान शिकविणारे इंग्रज प्राध्यापक ऑर्लिबार. बाळशास्त्र्यांनी १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक काढून भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन असे विषय मराठीत आणले. शास्त्र परक्या भाषेतून आले तरी ते आपल्या भाषेत बोलते करता येते, हा विश्वास केरूनानांना अशा गुरूंच्या सहवासातच मिळाला असावा.

मुंबईच्या कुलाबा भागात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली एक वेधशाळा स्थापन केली होती. पंधरा-सोळा वर्षांच्या वयातच केरूनाना तेथे काम करू लागले. तारे पाहण्याबरोबरच हवेची उष्णता, तिच्यातील ओलावा, वायूचा दाब आणि चुंबकसूचीची हालचाल यांची ठराविक तासांनी नोंद करणे हे अशा वेधशाळेचे काम. दिवस असो वा रात्र, सण असो वा सुतक, नेमलेल्या वेळी यंत्रापुढे उभे राहावयाचे, आकडा वाचावयाचा आणि वहीत उतरवावयाचा. वरवर पाहता हे काम कारकुनाचे वाटते. परंतु सृष्टीचे नियम अशाच वह्यांतून हाती लागतात.

वायुभारमापकाचेच पाहा. आपल्या डोक्यावर हवेचा जो प्रचंड थर आहे त्याला वजन आहे. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ते सुमारे एक किलोग्रॅम भरते आणि काचेच्या नळीतील पाऱ्याचा सुमारे ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ तोलून धरते. जेथे हा दाब कमी होतो तेथे सभोवारची हवा धाव घेते, वर चढते, वर चढताना थंड होते, आणि तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात. म्हणूनच पारा झपाट्याने उतरू लागला की जुने दर्यावर्दी वादळाची चाहूल घेत. पूर्वेस सह्याद्रीवर मेघ दाटले की कारापूर-साखळीच्या वाळवंटी नदीकाठी राहणाऱ्या आपणां सर्वांस पुराची आठवण होते. त्याचेही कारण हेच. समुद्रावरून आलेली ओलसर हवा डोंगरामुळे वर चढते, निवते आणि आपले पाणी अलीकडेच ओतून मोकळी होते.

चुंबकसूचीची गोष्ट याहूनही नवलाची आहे. ती उत्तर दिशा दाखविते हे सर्वांस ठाऊक असते; पण बारकाईने पाहिल्यास ती दिवसभरात किंचित इकडून तिकडे सरकते. या सरकण्याचे मूळ सूर्यात आहे, हे पुढे कळून आले. सूर्याच्या किरणांमुळे सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरील विरळ हवा विद्युद्वाहक होते, तेथे विजेचे प्रवाह वाहू लागतात आणि त्या प्रवाहांच्या चुंबकत्वाने जमिनीवरील सुई हलते. खोलीत बसलेल्या सुईला सूर्याची खबर लागते ती अशी.

सुमारे दहा वर्षे ही सेवा करून १८५१ च्या सुमारास केरूनाना घाट चढून पुण्यास आले. आपल्या गोमंतकात वर्षाला सुमारे ३०० सेंटिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पलीकडे वसलेल्या पुण्यात तो सुमारे ७० सेंटिमीटरच. एक घाट ओलांडला की निसर्गाचा हिशेब किती बदलतो, याचा पुरावा त्या प्रवासातच होता. पुण्यातील सरकारी महाविद्यालय पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. तेथे केरूनाना गणित व सृष्टिशास्त्र शिकवू लागले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. केरूनानांचे शिक्षण त्यापूर्वीच संपलेले. म्हणजे ज्या पदवीसाठी ते विद्यार्थी तयार करीत, ती त्यांच्यापाशी नव्हती. व्यासंग मात्र असा होता की, त्यांच्या अधिकाराबद्दल कोणास शंका आली नाही. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे सर्वांत नामांकित शिष्य. लोकमान्यांच्या ठायी गणित व ज्योतिष यांची जी गोडी अखेरपर्यंत टिकली, तिचे श्रेय या गुरूला दिले जाते.

केरूनानांनी 'अंकगणित' व 'पदार्थविज्ञानशास्त्र' ही पुस्तके मराठीत लिहिली. आज आपण ज्या संज्ञा सहज वापरतो त्यांपैकी कित्येक तेव्हा रूढ झालेल्या नव्हत्या. तराजू, उतरंड, विहिरीचा रहाट यांतील शास्त्र मुलाला त्याच्याच भाषेत सांगावयाचे, तर सांगणाऱ्याला ते आधी आरपार समजलेले असावे लागते. अवघड शब्दांमागे अज्ञान लपविता येते. सोप्या मराठीत ते लपत नाही.

१८६० साली त्यांचा 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथूनच त्यांच्या आयुष्यातील खऱ्या कसोटीला आरंभ झाला. पंचांगात दिलेली ग्रहांची स्थाने व आकाशात प्रत्यक्ष दिसणारी स्थाने यांत अंतर पडले होते. जुने सिद्धांतकार थोर होते यात शंका नाही. पण अगदी अल्प चूकही शतकानुशतके साठत गेली की मोठी होते. शिवाय पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा मंद गतीने फिरत असल्यामुळे संपातबिंदू तारकांमधून सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. दिवस वाढू लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास आणि आपली मकरसंक्रांत येते १४ जानेवारीच्या सुमारास, याचे मर्म या सरकण्यात आहे. आकाश आणि पोथी यांत मेळ नसेल तर दुरुस्ती पोथीत करावी, असे केरूनानांचे मत होते. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांग निघू लागले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाते.

त्या पंचांगामुळे संक्रांतीचा दिवस बदलला, कधी अधिकमासही निराळा आला. ज्या समाजात लग्न, मुंज, श्राद्ध, एकादशी सारे पंचांगावर चालते, तेथे असा बदल सुचविणे म्हणजे घरोघरच्या देवघरात हात घालण्यासारखेच होते. लोकांनी ते पंचांग सर्वत्र स्वीकारले नाही. तरीही केरूनानांनी गणितात लोकानुनय केला नाही. पुढे लोकमान्यांनी हीच पंचांगशुद्धीची चळवळ हाती घेतली. त्यांच्या १८९३ सालच्या 'ओरायन' ग्रंथातील सारा युक्तिवाद संपाताच्या सरकण्यावरच उभा आहे.

आता आरंभीच्या एका प्रश्नाकडे वळू. पाऊस एखाद्या वर्षी तोंड का फिरवतो? १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या दिवसांत हा प्रश्न जीवनमरणाचा झाला होता. सूर्यबिंबावर अधूनमधून काळे डाग दिसतात; ते भाग सभोवतालच्या मानाने कमी तप्त असल्यामुळे काळे भासतात. त्यांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या फेऱ्याने वाढते व घटते, हे श्वाबे नावाच्या जर्मन निरीक्षकाने १८४३ साली दाखवून दिले. मूळचा औषधे विकणारा हा गृहस्थ सतरा वर्षे नित्यनेमाने सूर्याची नोंद करीत होता. पुढे १८५२ साली असे आढळले की, चुंबकसूचीची चलबिचलही याच फेऱ्याने कमीजास्त होते. सुई जर डागांची आज्ञा पाळते, तर पाऊसही पाळत असेल काय? लॉक्यर व हंटर यांनी १८७७ साली डाग आणि दुष्काळ यांचा संबंध जोडून दाखविण्याचा प्रयत्न केला. केरूनानांनीही सौरडाग व पृथ्वीवरील हवामान यांच्या संबंधाचा अभ्यास केला होता.

या शंकेचे उत्तर काळाने दिले. डागांच्या फेऱ्यात सूर्याची एकूण उष्णता हजारात एका भागाइतकीच बदलते. दुष्काळाचे भाकीत त्यावरून करता येत नाही. मोसमी पावसावर दूरच्या प्रशांत महासागरातील उष्णतेच्या चढउताराचा प्रभाव फार मोठा असतो. तसेच गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वीचे तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे, तेही डागांमुळे नव्हे. कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे हवेतील कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होते ते ४२० च्या वर गेले. हा वायू जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्याचा हा गुण टिंडॉल या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रयोगाने मोजला होता. केरूनाना पुण्यात शिकवीत होते तेव्हाच हे उत्तर असे दुसऱ्या टोकाने आकार घेत होते.

मग डागांचा अभ्यास व्यर्थ गेला काय? मुळीच नाही. एखादी शंका खोटी ठरविण्यासाठीही वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, आणि त्या नोंदींचे मोल शंकेबरोबर संपत नाही. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावर झालेल्या उत्पाताने पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ उठले, त्याची कुलाबा वेधशाळेतील नोंद जगभरचे शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकसूचीला त्रास होऊ नये यासाठी चुंबकीय वेधशाळा १९०४ साली हलविण्यात आली, ती अलिबागेस. केरूनानांच्या नागावपासून दोन-तीन कोसांवर.

१८७७ साली सरकारने त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, हा ज्ञानदीप मालवला.

विद्यार्थिमित्रांनो, केरूनानांजवळ मोठी यंत्रे नव्हती, पदवी नव्हती, संपत्ती नव्हती. डोळे उघडे ठेवणे, दिसेल ते खरे लिहिणे आणि लिहिलेले रूढीच्या विरुद्ध गेले तरी ते न पुसणे, एवढेच त्यांचे भांडवल. एक वही, एक उष्णतामापक आणि पावसाचे पाणी मोजण्यासाठी सरळ कडांचे एक भांडे आपणांपैकी कोणालाही मिळविता येईल. येत्या मृगापासून रोज ठरलेल्या वेळी एक आकडा लिहिण्यास आरंभ करा. प्रश्न आपोआप सुचू लागतील, आणि काहींची उत्तरे त्या वहीतच सापडतील.